आय-लीगच्या मान्यतेचा तिढा : विजेता ठरला, दर्जा अधांतरी

झाशी : फुटबॉल स्पर्धेचा अखेरचा सामना 6 एप्रिल 2025 रोजी संपला आणि तिचा विजेता 18 जुलै रोजी निश्चित झाला. मधले 103 दिवस भारतातील दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगचे विजेतेपद समित्या, अपिले आणि अखेरीस स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालय यांच्यात फिरत राहिले. निकाल इंटर काशी या उत्तर प्रदेशच्या क्लबच्या बाजूने लागला. मात्र ज्या वरच्या श्रेणीत त्याला बढती मिळायची, ती इंडियन सुपर लीग आठवडाभरापूर्वीच, 11 जुलै रोजी, स्थगित करण्यात आली होती.

हा केवळ एका क्लबचा दुर्दैवी योगायोग नव्हे. आय-लीगला नेमकी कोणाची आणि कशासाठी मान्यता आहे, हा प्रश्न गेली दहा वर्षे सुटलेला नाही. त्याचे मूळ समजण्यासाठी मान्यता या शब्दाचा अर्थ आधी पाहिला पाहिजे.

फिफाच्या नियमांनुसार कोणतीही लीग त्या देशाच्या राष्ट्रीय महासंघाच्या अधीन असते आणि तिला त्या महासंघाची मान्यता लागते. भारतात तो अधिकार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा. अशा मान्यतेवाचून खेळाडूची रीतसर नोंदणी होत नाही, परदेशी खेळाडूच्या हस्तांतराचा दाखला मिळत नाही आणि आशियाई स्पर्धांची दारे बंद राहतात. त्यावर आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे एएफसीची, क्लब परवान्याची अट असते : मैदान, आर्थिक व्यवहार, युवा संघ, प्रशिक्षकांची पात्रता. या दोन गोष्टी जगभर सारख्याच. भारतात तिसरी एक गोष्ट त्यांच्यावर येऊन बसली, ती म्हणजे व्यापारी करार.

1996 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा 2007 मध्ये आय-लीगने घेतली. तीच देशाची अव्वल लीग होती. 9 डिसेंबर 2010 रोजी महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा करार केला आणि त्यातून 2014 मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. आरंभी ती दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती. तिला चित्रपट तारे, क्रिकेटपटू आणि प्रक्षेपण यांचे बळ होते, पण आशियाई स्पर्धेत स्थान नव्हते. आय-लीगची अवस्था नेमकी उलट होती. तिच्याकडे अधिकृत दर्जा होता आणि पैसा नव्हता.

हा विरोधाभास सर्वप्रथम गोव्याला भोवला. नव्या आराखड्यात आय-लीग खालच्या श्रेणीत जाणार, हे दिसताच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी 2016 मध्ये लीगमधून माघार घेतली. द्वितीय श्रेणी जिंकून परतीचा मार्ग मोकळा केलेल्या धेंपो क्लबनेही त्याच वर्षी तोच निर्णय घेतला. ज्या गोव्याच्या क्लबांनी राष्ट्रीय फुटबॉलला वर्षानुवर्षे खेळाडू पुरविले, त्यांपैकी तीन एका वर्षात बाहेर पडले. धेंपो 2024-25 मध्ये परतला, तो दुसऱ्या श्रेणीत. महाराष्ट्राची कहाणी याहून थोडक्यात सांगता येते, कारण सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही : महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी आणि मुंबई एफसी हे संघ एकेक करून मिटले आणि मुंबई केंकरे 2022-23 मध्ये आय-लीगमधून खाली गेला.

एप्रिल 2017 मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफसीने आय-लीग जिंकली, तेव्हा देशाचा विजेता दुसऱ्या श्रेणीचा ठरणार काय, असा प्रश्न त्या क्लबनेच जाहीरपणे विचारला. त्याच वर्षी एएफसीने दोन्ही लीगना शेजारीशेजारी चालविण्याची तात्पुरती मुभा दिली. एका देशात दोन समांतर लीग, ही तडजोड कोणालाच रुचणारी नव्हती. ऑक्टोबर 2019 मध्ये व्हिएतनाममधील दा नांग येथे एएफसीच्या कार्यकारिणीने आराखडा मंजूर केला आणि इंडियन सुपर लीग अव्वल ठरली. आय-लीगच्या वाट्याला आश्वासन आले. 2022-23 पासून तिच्या विजेत्याला परवान्याच्या अटी पूर्ण केल्यास प्रवेश शुल्काविना बढती मिळेल आणि 2024-25 पासून दोन्ही लीगमध्ये बढती व खालच्या श्रेणीत रवानगी अशी पूर्ण व्यवस्था सुरू होईल, असे ते आश्वासन होते.

पहिला भाग पाळला गेला. पंजाब आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग हे दोन विजेते लागोपाठ वर गेले. दुसरा भाग मात्र अमलात आला नाही आणि 2024-25 च्या अखेरीस सुपर लीगमधून कोणताही संघ खाली आला नाही. वरून कोणी उतरत नसेल, तर खालच्या विजेत्यासाठी दरवर्षी नवी खुर्ची मांडावी लागते. अशा व्यवस्थेत बढती हा हक्क न राहता सवलत ठरते.

इंटर काशीच्या वादात याच सवलतीची किंमत वाढली होती. चर्चिल ब्रदर्सचे 40 गुण, काशीचे 39. मात्र 13 जानेवारीच्या सामन्यात काशीला हरविणाऱ्या नामधारी एफसीने निलंबित खेळाडू उतरविल्याची तक्रार होती. महासंघाच्या शिस्त समितीने काशीला विजय बहाल केला आणि अपील समितीने तो काढून घेतला. त्यानंतर चर्चिलला विजेता घोषित करून चषकही देण्यात आला. लवाद न्यायालयाने अखेर काशीचे गुण 42 ठरविले. एका महासंघाच्या दोन समित्या एकाच सामन्याबाबत परस्परविरुद्ध निर्णय देतात, तेव्हा क्लबांनी लोझान गाठले तर त्यांना दोष देता येत नाही.

झाशीहून पाहता या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. हे हॉकीचे गाव. ज्या हीरोज मैदानावर मेजर ध्यानचंद खेळले, तेथेच 1979 मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. नेवाळकरांच्या काळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही फुटबॉलपेक्षा हॉकीच्याच आठवणी अधिक. बुंदेलखंडातील एखाद्या मुलाने फुटबॉल निवडला, तर त्याची वाट जिल्हा संघ, राज्य संघ आणि मग एखादा व्यावसायिक क्लब अशी जाते. उत्तर प्रदेशाच्या नावाने आय-लीगमध्ये उतरलेला इंटर काशी 2023 मध्ये स्थापन झाला, पण त्याचे घरचे सामने पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे झाले. झाशीपासून हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. अशा मुलासाठी दुसरी श्रेणी हीच पहिली नोकरी असते आणि तिचा हंगाम केव्हा सुरू होईल, हे त्याच्या करारावर लिहिलेले नसते.

वरची श्रेणी थांबण्याचे कारण साधे होते. 2010 चा करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपणार होता आणि नूतनीकरणाची बोलणी अडली होती. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे वेतनच थांबविले. सर्वोच्च न्यायालयाने 19 सप्टेंबर रोजी महासंघाच्या घटनेला काही बदलांसह मंजुरी दिली. देशातील अव्वल लीग महासंघाच्या मालकीची व त्यानेच चालविलेली असावी आणि तिच्यात बढती व रवानगीचे तत्त्व असावे, अशी व्याख्या या घटनेत आहे. म्हणजे 2019 मध्ये जे आश्वासन होते, ते आता नियमाच्या रूपात आले. तथापि, ऑक्टोबरमध्ये काढलेल्या व्यापारी हक्कांच्या निविदेला 7 नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही.

केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी 6 जानेवारी 2026 रोजी तोडगा जाहीर केला. त्यानुसार सुपर लीग 14 फेब्रुवारीपासून 14 क्लबांसह खेळविण्याचे ठरले. त्यांत इंटर काशीचा समावेश होता. आय-लीगही त्याच सुमारास 11 क्लबांसह घेण्याचे ठरले. नऊ-दहा महिन्यांचा खंड पडल्यानंतर आय-लीगच्या क्लबांना मैदान, परदेशी खेळाडू आणि प्रायोजक यांची जुळवाजुळव काही आठवड्यांत करणे भाग पडले.