नीरेकाठची चिबड रानं

बारामतीच्या बाजूला वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम 500 मिलिमीटर, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. अशा मुलखात शेतं पाण्यानं सडली, पीक घेण्याच्या लायकीची राहिली नाहीत, हे आज सांगितलं तर ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. मी आयुष्यभर माती तपासायची नोकरी केली. पाटाखालच्या रानांत माती काढायच्या ऑगरनं भोकं पाडत हिंडलो. त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातून कमी आणि चिखलातून जास्त कळली आहे. पण तिचा आरंभ माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे.

1876 ते 78 च्या दुष्काळानं दख्खन होरपळली. त्यानंतर नीरेवर वीरला बंधारा घालून डाव्या काठानं कालवा काढायचं ठरलं. 1885 च्या सुमारास पाणी सुटलं. भाटघरला साठ्याचं धरण झालं. सुरुवातीला शेतकरी पाणी घेईना, कारण चांगल्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच येते. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी भरायची कशाला? चित्र बदललं ते उसानं. सासवडकडचे माळी कालव्याच्या पट्ट्यात आले, जमिनी खंडानं घेतल्या आणि त्यांनी उसाची शेती करून दाखवली. ही मंडळी हुशार आणि कष्टाळू. पुढे त्यांनीच माळीनगरला कारखाना काढला. पण ऊस म्हणजे वर्षभर रानात ओल. एका पाळीचं पाणी जिरतं न जिरतं तोवर दुसरी पाळी, आणि जिरलेलं पाणी जातं कुठं, हे कुणी विचारलं नाही.

ते जात होतं खालच्या मुरमात. दख्खनच्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याहून अधिक असतं. ओली झाली की ती फुगते आणि पाणी पुढं सोडत नाही. तिच्याखाली चुनखडीचा पिवळसर थर, त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. कालव्याची गळती आणि उसाचं जादा पाणी मुरमातून उताराच्या बाजूला सरकतं. वाटेत पाषाणाचा आडवा बांध आला किंवा उतार मोडला, की तिथं ते वर चढायला लागतं. म्हणून कालव्यालगतचं रान कोरडं ठणठणीत आणि त्याच्या बरंच खाली, नाल्याकाठची बाभळीची पट्टी चिबडलेली, म्हणजे पाणी धरून बसलेली, असा प्रकार दिसतो. ज्याचं रान बुडतं त्यानं पाणी जादा दिलेलं असतंच असं नाही. वरच्याच्या उसाची किंमत खालचा मोजतो. या अन्यायावर आमच्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे.

पाणी वर आलं की ते क्षार घेऊन येतं. मग उन्हाळ्यात ते उडून जातं आणि क्षार मागं राहतात. रान पांढरं पडतं. लोक म्हणतात, मीठ फुटलं.

याची पहिली नीट शास्त्रीय तपासणी 1910 साली कागदावर आली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान आणि मृदातज्ज्ञ व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई शेतकी खात्यासाठी एक पुस्तिका लिहिली. कालवा सुरू होऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती. मान हे आसामात चहाच्या संशोधनाचं काम करून 1907 साली पुण्यात आलेले रसायनशास्त्रज्ञ. पुढे पिंपळे सौदागर गावच्या शेतीचा अभ्यास केला तेच हे मान. ताम्हाण्यांचं नाव मात्र आज शेतकी कॉलेजातल्या पोरांनाही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

इंजिनियर मंडळी तोवर दुसऱ्या वाटेनं विचार करत होती. विश्वेश्वरय्या पुण्यात असताना त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी मोठ्या क्षेत्रावर वाटायचं, ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्शावरच ऊस घ्यायचा आणि पिकं फिरवायची. एकाच जागी पाण्याचा मारा होऊ नये हाही त्यामागचा विचार होता. पद्धत शहाणपणाची होती. उसाच्या भावापुढं ती किती टिकली, हे कालव्यावरच्या गावांत जाऊन बघा.

1916 मध्ये मुंबई सरकारनं खास सिंचन संशोधनाचा एक कक्ष उघडला. खडकवासल्याची आजची मोठी जलसंशोधन संस्था त्यातूनच वाढली. तिथं क्लॉड इंग्लिस नावाचा इंजिनियर होता. हा पुढे इंग्लंडात वॉलिंगफर्डच्या जलसंशोधन केंद्राचा पहिला संचालक झाला, पण त्याचं सुरुवातीचं शिक्षण आमच्या चिबड रानांत झालं. इंग्लिस आणि त्याचे सहकारी गोखले यांनी 1928 साली दख्खनच्या कालव्यांवरच्या निचरा योजनांचा जो प्रबंध काढला, त्यानं कामाची दिशा ठरवली. चर नुसती काळ्या मातीत खणून भागत नाही. ती मुरमापर्यंत गेली पाहिजे, कारण पाणी वाहतं ते तिथून. त्यासाठी आधी मुरूम किती खोल आहे ते भोकं पाडून बघायचं. हे इतकं साधं आहे की कुणी सांगेपर्यंत सुचत नाही. मुरमापर्यंत न पोचलेल्या चरी मी पुष्कळ बघितल्या. त्यांत पाणकणीस छान माजतं, निचरा होत नाही.

1932 मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. आज पाडेगाव म्हटलं की ऊसवाल्यांना 86032 हा वाण आठवतो. पण पहिल्या दशकात तिथं जे. के. बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालव्याखालच्या जमिनींचं सर्वेक्षण केलं, ते मला वाणांइतकंच मोलाचं वाटतं. त्यांनी खड्डे खणून मातीचे थर पाहिले, चुना किती खोलीवर साठला आहे ते पाहिलं आणि जमिनींचे प्रकार पाडून त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं दिली. अमुक प्रकारात उसाला निचरा मिळेल, तमुकात मिळणार नाही, हे मातीच्या कापावरून सांगता येतं, हा त्यातला मुद्दा.

आता ओळखायचं कसं, त्याविषयी. मी नोकरीत नवा होतो तेव्हा आम्हाला आकडे शिकवले गेले. भूजल दोन मीटरच्या आत आलं तर जमीन पाणथळ, दोन ते तीन मीटर असेल तर धोक्याची. मातीचा सामू साडेआठच्या वर आणि सोडियमचा हिस्सा 15 टक्क्यांच्या वर गेला की चोपण. आकडे बरोबरच आहेत. पण आकडा येतो तो नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर, आणि नमुना कुठून घ्यायचा हे ठरवायला आधी रान वाचता यावं लागतं.

पहिली खबर मशागतीची. शेजारचं रान वाफशावर येतं आणि हे येत नाही. कुळव धरला तर माती फासाला चिकटते. थोडं थांबावं तर ढेकळं दगडासारखी होतात. मधला दिवसच मिळत नाही. मग विहीर. पाणी वर येतं तेव्हा मालक खूश असतो. दोन-तीन वर्षांनी तेच पाणी मचूळ लागतं.

त्यानंतर गवत बोलायला लागतं. लव्हाळा हटत नाही, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, लव्हाळा चांगल्या बागायतीतही असतो. बांधाच्या सखल कडेला तालीमखान्याचे काटे आणि पाणकणीस आलं तर पाणी मुळापाशी बराच काळ उभं राहतं हे समजावं. पाणकणीस चारीत असेल तर त्याला अर्थ नाही. ते वाफ्यात आलं तर आहे. सगळं पीक जळून हराळी तेवढी हिरवी राहिली, आणि मधे पांढरे डाग असले, तर ओलीच्या जोडीला मीठही आलं. शेवटी वेडी बाभूळ येते. ती आली की मालकानं आशा सोडलेली असते.

उसाची तऱ्हा निराळी. बेटं विरळ होतात, पानं कडेनं करपतात. जुने गुळवे तर जमीन न बघता सांगत. खारवट रानाच्या रसाचा गूळ मऊ पडतो, ढेप धरत नाही, चवीला खारट लागतो. पंढरपूरच्या बाजूला बघितलेल्या एका गुऱ्हाळावरचा संवाद माझ्या लक्षात आहे. मी चुलवणापाशी उभा राहून मातीचे नमुने मागत होतो. म्हातारा गुळव्या म्हणाला, “साहेब, माती कशाला नेताय? काहिलीत बघा की.” मी त्याला विचारलं, “तात्या, मालकाला सांगितलंत का?” तो म्हणाला, “मालकाला ठावं हाय. बँकेला ठावं नाही.”

मातीची साक्ष सगळ्यांत टिकाऊ. गवत पुढच्या हंगामात नांगरून टाकता येतं, पाणी वैशाखात खाली जातं, पण मातीचा रंग बदलायला वर्षं लागतात. हवा न मिळालेल्या मातीत लोखंड विरघळतं. ते हललं की मातीला राखाडी, निळसर छटा येते, आणि जिथं मुळाच्या वाटेनं थोडी हवा पोचते तिथं तांबूस गंजाचे ठिपके बसतात. अडचण अशी की आमची काळी माती इतकी काळी की वरच्या हातभरात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ऑगर खाली न्यायचा, चुनखडीच्या पिवळसर थरात. तिथं ठिपके लगेच उठून दिसतात. गाभा काढल्याबरोबर वास घ्यावा, कुजक्या अंड्यासारखा आला तर बाकीचं तपासायची घाई नको. चोपणासाठी फिनॉल्फ्थॅलिनची बाटली मी खिशात ठेवायचो. थेंब टाकून माती गुलाबी झाली की शेतकऱ्याचा चेहरा उतरायचा.

हीच लक्षणं अमेरिकेत नेमकी उलट्या, म्हणजे पाणथळी राखण्याच्या, कामाला लागली. तिथं आधी कित्येक वर्षं पाणथळी पाईप घालून कोरड्या केल्या, आणि त्यासाठी 1849 पासून कायदेही केले. मग 1985 च्या शेतकी कायद्यानं वारं फिरलं. पाणथळ फोडून तिथं पीक घेतलं तर सरकारी अनुदान बंद. 23 डिसेंबर 1985 च्या आधी फोडलेल्या जमिनींना सूट. साहजिकच कोणतं रान पाणथळ, यावर भांडणं लागली. 1987 मध्ये लष्कराच्या इंजिनियर खात्यानं एक मार्गदर्शिका काढली. सर्वसाधारणपणे पाणी, वनस्पती आणि माती या तिन्हींची साक्ष जुळली पाहिजे. मातीचा रंग मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडून बघायचा. काळ्या मातीनं तिथल्या तपासनिसांनाही चकवलं आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

आमच्या देशात 2017 चे पाणथळ जागांचे नियम भातखाचरं आणि सिंचनासाठी केलेली तळी मोजणीतून वगळतात. चिबडलेला ऊस त्यात शोधायचा प्रश्नच नाही. तो निचरा खात्याच्या यादीत जातो, आणि यादी मोठी होत राहते. नीरेवरून हा आजार प्रवरा, गोदावरीला गेला, उपसा सिंचनानं कृष्णाकाठच्या शिरोळ, वाळव्यात पोचला. तिथं आता सच्छिद्र पाईप पुरून रानं परत आणताहेत. ती येतात, पण शेजारचा सामील झाला तरच, कारण पाण्याला बांध कळत नाही.

माझं मत विचाराल तर नीरेचं नुकसान अज्ञानानं झालं नाही. 1910 साली कारण माहीत होतं, 1928 साली उपाय माहीत होता. कमी पडली ती वरच्या रानात पाणी आवरायची तयारी. ठिबक आलं तरी ती पुरती आलेली नाही.

कालव्याखाली जमीन घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, व्यवहार उन्हाळ्यात करू नका. दसरा-दिवाळीच्या दरम्यान जा, विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा, रानाच्या सगळ्यांत सखल कोपऱ्यात छातीइतका खड्डा घ्या आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी त्यात पाणी दिसलं, तर विसार देऊ नका.