डेंड्रिटिक पेशी: मेंदूच्या वेशीवरचे हे खबरे नेमकं काय करतात?

मेंदूत विषाणू शिरला, तर शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ते कळतं कसं? आणि हीच यंत्रणा काही जणांच्या बाबतीत स्वतःच्याच मज्जासंस्थेवर का उलटते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधताना एक नाव हमखास पुढे येतं. ते म्हणजे डेंड्रिटिक पेशी.

डेंड्रिटिक पेशी म्हणजे काय?

या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत. त्यांना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात, म्हणून 'झाड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडलं. चेतापेशींच्या फाट्यांनाही 'डेंड्राइट' म्हणतात, पण नावापलीकडे दोघांचा संबंध नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील राल्फ स्टाइनमन आणि झॅनविल कोन यांनी १९७३ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, पण घोषणेच्या तीन दिवस आधीच त्यांचं निधन झालं होतं. निवड समितीला ही बातमी माहीत नसल्यामुळे पुरस्कार कायम ठेवण्यात आला.

या पेशींचं काम खबऱ्याचं. त्या जंतू गिळतात, त्याचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि लसिका ग्रंथीत जाऊन टी पेशींना दाखवतात. ओळख पटली की टी पेशी हल्ल्यासाठी सज्ज होतात.

मेंदूत त्या असतात का?

निरोगी मेंदूच्या आतल्या भागात त्या जवळपास नसतात. तिथली राखण मायक्रोग्लिया नावाच्या पेशी करतात. डेंड्रिटिक पेशी सापडतात त्या सीमेवर, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांमध्ये आणि मेंदूतील द्रव तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये. संसर्ग किंवा दाह झाला, की त्यांची संख्या वाढते आणि त्या आतही दिसू लागतात.

मग खबर बाहेर कशी जाते?

ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत परक्या सशाच्या त्वचेचे तुकडे बसवले. शरीराने ते नाकारले नाहीत. मात्र त्याच सशाची त्वचा आधी शरीरावर इतरत्र लावलेली असेल, तर मेंदूतला तुकडाही नाकारला गेला. म्हणजे हल्लेखोर पेशी मेंदूत पोहोचू शकत होत्या. अडत होतं ते मेंदूतली खबर बाहेर पोहोचण्याचं.

तो मार्ग पूर्ण बंद मात्र नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठ आणि फिनलंडमधील हेलसिंकी येथील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या आवरणात लसिका वाहिन्या असल्याचं दाखवलं. त्या मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत जातात.

खबर चुकली तर?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये टी पेशी चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणालाच शत्रू समजतात. नजर धूसर होणं, हातापायांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं अशी लक्षणं दिसतात.

रक्तवाहिनीची भिंत ओलांडली तरी टी पेशींना लगेच मेंदूत शिरता येत नाही. वाहिनीभोवतीच्या चिंचोळ्या जागेत त्यांना 'शत्रू'ची ओळख पुन्हा पटवावी लागते. २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसलं, की ही ओळख पटवून द्यायला तिथल्या डेंड्रिटिक पेशी पुरेशा ठरतात. तिथे त्यांनी मायलिनचा तुकडा दाखवला, की हल्ल्याला वाट मिळते.

उपचारांसाठी याचा उपयोग काय?

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या घातक कर्करोगात नेमकी उलटी गरज असते. तिथे टी पेशींना जागं करायचं असतं. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातून डेंड्रिटिक पेशी तयार करून, त्यांना त्याच्याच गाठीतील प्रथिनांची ओळख करून देऊन पुन्हा शरीरात सोडण्याचे प्रयोग झाले आहेत.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र टी पेशींना अडवावं लागतं. नॅटालिझुमॅब हे औषध त्यांना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. पण पहारा सैल झाल्याने काही रुग्णांमध्ये एरवी निपचित असणारा जेसी विषाणू मेंदूत बळावतो आणि तो संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच हे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर रक्तात या विषाणूविरोधी प्रतिपिंडं आहेत का, हे तपासून घेतात.