घरगुती सेवांतील दरपत्रकाचे स्वयंचलन

घरगुती सेवांतील दरपत्रकाचे स्वयंचलन म्हणजे रंगकाम, नळकाम, विजेचे काम, फरशी बसविणे, सुतारकाम, गळती-प्रतिबंध, वातानुकूलन यंत्राची देखभाल अशा घरी येऊन करावयाच्या कामांच्या खर्चाचा आकडा, ठरावीक सूत्रे व दरसूची यांच्या आधारे, संगणक किंवा मोबाइलवरील आज्ञावलीकडून तयार करून घेण्याची आणि तो ग्राहकास तत्काळ पाठविण्याची पद्धत होय. पूर्वी कारागीर घर पाहून जाई आणि दोन-चार दिवसांनी आकडा सांगे. या पद्धतीत तेच काम काही मिनिटांत होऊ शकते. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत मोठ्या मंचांपासून एकट्या कंत्राटदारापर्यंत अनेक जण कमी-अधिक प्रमाणात ही पद्धत वापरतात.

संज्ञा

बोलीभाषेत सर्वत्र ‘कोटेशन’ हाच शब्द रूढ असला, तरी मराठीत त्याच्या छटा वेगवेगळ्या शब्दांनी दाखविता येतात. दरपत्रकात प्रत्येक एककाचा दर दिलेला असतो, उदाहरणार्थ रंगकामाचा चौरस फुटाचा दर. अंदाजपत्रकात मोजमाप आणि दर यांच्या गुणाकाराने आलेला एकूण खर्च असतो. शासकीय निविदांच्या भाषेत कंत्राटदाराने देऊ केलेल्या किमतीस ‘देकार’ म्हणतात. व्यवहारात या तिन्हींची सरमिसळ होते आणि पुष्कळ तंट्यांचे मूळ तेथेच सापडते. कारागीर दर सांगतो व ग्राहक तो एकूण खर्च समजतो, किंवा कारागीर अंदाज सांगतो व ग्राहक तो वचन समजतो. ‘मजुरीचा दर’ आणि ‘मालासकट दर’ हा भेदही असाच महत्त्वाचा आहे.

पूर्वपीठिका

सूत्र आणि दरसूची यांवरून खर्च काढण्याची कल्पना नवी नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हा तिचा जुना आणि शिस्तबद्ध नमुना होय. त्यात प्रत्येक कामाच्या बाबीचा तपशील, एकक आणि दर दिलेला असतो आणि अभियंता केवळ मोजमापे भरतो. खासगी घरकामांत मात्र अशी सूची क्वचितच लेखी असे. गवंडी, रंगारी आणि सुतार यांचे दर त्यांच्या डोक्यात असत आणि गिऱ्हाईक, इमारत व हंगाम पाहून ते बदलत. महाराष्ट्रात आजही गवंडीकाम व गिलावा ‘ब्रास’मध्ये मोजतात. क्षेत्रफळाच्या हिशेबात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि घनफळाच्या हिशेबात १०० घनफूट. शहरात नव्याने आलेल्या ग्राहकास हा शब्द बहुधा ठाऊक नसतो.

१९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलने दूरध्वनीवरून व्यावसायिकांचे क्रमांक पुरविण्यास प्रारंभ केला. ग्राहकाची एकच चौकशी अनेक व्यावसायिकांकडे जाऊ लागली आणि जो प्रथम उत्तर देईल त्यास काम मिळण्याची शक्यता वाढली. दरपत्रक लवकर देण्याची निकड उपनगरांतील लहान कंत्राटदारांना प्रकर्षाने जाणवू लागली ती यामुळे. पुढे २०१४ च्या सुमारास घरगुती सेवांसाठी अनेक नवउद्योग उभे राहिले. अर्बनक्लॅप (जानेवारी २०२० पासून अर्बन कंपनी) त्यांतील एक. तिच्या आरंभीच्या पद्धतीत ग्राहकाची मागणी अनेक कारागिरांना कळविली जाई व ते आपापले दर पाठवीत. पुढे बहुतेक सेवांसाठी कंपनीने स्वतः ठरविलेले निश्चित दर आले आणि कारागिराने दर सांगण्याची पायरीच नाहीशी झाली. मुंबईत स्थापन झालेल्या टास्कबॉबने जानेवारी २०१७ मध्ये काम थांबविले आणि झिंबर त्याच वर्षी क्विकरने विकत घेतली. केवळ तत्पर दरपत्रकाच्या बळावर हा व्यवसाय तरत नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

कार्यपद्धती

व्हॉट्सअॅप बिझनेस हे उपयोजन जानेवारी २०१८ मध्ये आल्यानंतर एकट्या व्यावसायिकासही स्वयंचलित उत्तरे पाठविणे शक्य झाले. साधारण क्रम असा असतो. ग्राहकाने चौकशी करताच कामाचा प्रकार, खोल्यांची संख्या, मजला, उद्वाहक आहे किंवा नाही आणि सोसायटीची कामाची वेळ हे प्रश्न आपोआप विचारले जातात व छायाचित्रे मागविली जातात. मिळालेली उत्तरे तक्त्यात भरली की सूत्रांनुसार परिमाण निघते, त्यास दरसूचीतील दर लागतात आणि तयार साच्यात पीडीएफ बनते. दोन दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्रही जाते. यासाठी महागडी आज्ञावली लागतेच असे नाही. एक्सेलची नीट बांधलेली एक वही लहान व्यावसायिकास पुरते. मोठ्या रंगकंपन्यांच्या सेवांत लेझर मापकाने भिंती मोजतात, तर काही मोबाइलमधील लायडार संवेदकाने खोलीचा आराखडा काढता येतो.

उपनगरांत या पद्धतीचा खरा लाभ वेळेच्या बचतीत आहे. मुलुंडच्या कंत्राटदाराने बोरिवलीचे घर पाहण्यास जायचे म्हटले की मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाणे आले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाल्यापासून पूर्व-पश्चिम प्रवास सुसह्य झाला, तरी एका भेटीत अर्धा दिवस सहज जातो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोणीच देत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणीपूर्वी ढोबळ आकडा सांगून केवळ जिज्ञासेपोटी विचारणाऱ्यांना वेगळे काढणे, हा स्वयंचलनाचा पहिला उपयोग ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्यापूर्वीची गळतीची कामे आणि गणपती-दिवाळीपूर्वी रंगकाम, अशा गर्दीच्या काळात तर तो अधिकच जाणवतो.

मोजमापाचे गणित

आज्ञावली कितीही वेगवान असली, तरी तिच्यात भरलेले सूत्र चुकीचे असेल तर ती चूकही तितक्याच वेगाने पसरते. रंगकामातील एक प्रचलित आडाखा याचे चांगले उदाहरण आहे. चटई क्षेत्राच्या साडेतीनपट रंगवावयाचे क्षेत्र धरावे, असा हा आडाखा आहे.

१२ फूट × १६ फूट अशी मोठी खोली घ्यावी. उंची ९ फूट धरल्यास चार भिंतींचे क्षेत्र ५०४ चौरस फूट व छताचे १९२, एकूण ६९६ होते. दार २१ व खिडकी २० चौरस फूट वजा केल्यास ६५५ उरतात. आडाख्याने १९२ × ३.५ म्हणजे ६७२ येतात. फरक नगण्य आहे. आता ८ फूट × १० फूट अशी लहान खोली घेऊ. भिंती ३२४, छत ८०, एकूण ४०४, आणि तेवढेच दार व खिडकी वजा जाता ३६३ चौरस फूट. आडाख्याने मात्र २८० च येतात. म्हणजे ८३ चौरस फुटांचे काम हिशेबातच धरलेले नाही. दर उदाहरणादाखल १८ रुपये धरला तर एका खोलीमागे १,४९४ रुपयांची तूट येते. खोली जितकी लहान, तितक्या जमिनीच्या मानाने भिंती अधिक, हे शाळेतील परिमिती व क्षेत्रफळाचे साधे प्रमेय येथे पैशांत उतरते. पुनर्वसन इमारतींतील २२५ किंवा २६९ चौरस फुटांच्या सदनिका उपनगरांत मोठ्या संख्येने आहेत. अशा घरांना हा आडाखा लावला की तोटा कारागिराच्या माथी बसतो, आणि तो भरून काढण्यासाठी रंगाचे दोन हात ठरलेले असताना एकच हात दिला जाण्याचा किंवा लांबी पातळ भरली जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून सूत्रात चटई क्षेत्राऐवजी प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी व उंची मागविणे हाच योग्य मार्ग होय. दार-खिडकी वजा करणार किंवा नाही, हेही दरपत्रकात लिहिलेले असावे.

फरशीच्या हिशेबात दुसरी अडचण येते. ८० चौरस फुटांच्या स्वयंपाकघरासाठी तूटफूट १० टक्के धरून ८८ चौरस फूट फरशी लागते. ६०० × ६०० मिलिमीटरच्या चार फरश्यांच्या खोक्यात सुमारे १५.५ चौरस फूट माल असतो, म्हणजे भागाकार ५.६८ येतो. दुकानदार पूर्ण खोकीच देतो, तेव्हा सहा खोकी धरावी लागतात. तक्त्यात पूर्णांकाकडे वर नेण्याची सोय नसेल, तर प्रत्येक दरपत्रक थोडे कमी पडते.

एककांचाही गोंधळ आहे. महारेराच्या नोंदींत चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, कारागीर मात्र फुटांतच बोलतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. शिवाय २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील चटई क्षेत्राच्या व्याख्येत अंतर्गत विभाजक भिंतींची जागा समाविष्ट आहे. त्यामुळे तो आकडा थेट फरशीच्या सूत्रात घातल्यास भिंतीखालीही फरशी धरली जाते.

दर ठरविण्याचा अधिकार

स्वयंचलनाची वादग्रस्त बाजू तंत्राची नाही, तर दर कोणी ठरवावा याची आहे. कंत्राटदार स्वतःच्या तक्त्यात स्वतःचे दर भरतो तेव्हा यंत्र त्याचे कारकुनी काम करते. मंच स्वतः दर ठरवितो तेव्हा ग्राहकास निश्चिती मिळते, घासाघीस टळते, परंतु कारागिराच्या हाती काम स्वीकारणे वा नाकारणे एवढेच उरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे अर्बन कंपनीशी संलग्न सौंदर्यसेविकांनी दर, कमिशन व कामाच्या अटी यांविरुद्ध निदर्शने केली होती. मार्च २०२५ मध्ये याच कंपनीने घरकामासाठी १५ मिनिटांत मदतनीस पुरविण्याची सेवा मुंबईत आरंभिली, तेव्हाही तिचे नाव आणि तीत दडलेली घाई यांवर टीका झाली.

सकाळी मजूर नाक्यावर उभा राहणारा कारागीर या व्यवस्थेच्या बाहेरच आहे. तो समोर पाहून, बोलून, जागेवर दर ठरवितो. दरपत्रक बहुधा इंग्रजीतून निघते, ही आणखी एक उणीव होय. ते ज्याने पाळायचे तो कारागीर आणि ज्यांनी वाचायचे ते घरातील वडीलधारे, दोघांनाही पुष्कळदा मराठी वा हिंदीच सोयीची असते. साच्यातील वीस-पंचवीस शब्द मराठीत करणे हे अवघड काम नव्हे.

कायदेशीर बाजू

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार आंतरजालावरील विक्रेत्याने सर्व आकारांसह एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड दाखविणे आवश्यक आहे. आरंभी कमी किंमत दाखवून पुढे एकेक आकार वाढवीत नेण्याच्या प्रथेचा समावेश ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित प्रथा म्हणून केलेला आहे.

सेवा पुरविणाऱ्यास वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपलीकडे गेल्यावर सामान्यतः वस्तू व सेवा करासाठी नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या व्यक्तीस हा कर ग्राहकाकडून घेता येत नाही. तयार साच्यात ‘जीएसटी १८ टक्के’ ही ओळ तशीच राहून गेली असेल, तर ग्राहकाने नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. नळकाम, सुतारकाम यांसारख्या सेवा मंचामार्फत घेतल्या आणि कारागीर नोंदणीकृत नसेल, तर ऑगस्ट २०१७ पासून कराची जबाबदारी मंचावर आहे. छायाचित्रांतून घराच्या आतील भागाची माहिती बाहेर जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती कोणत्या हेतूने घेतली हे सांगण्याचे बंधन आहे.

मर्यादा

मोजता येणाऱ्या कामांचे दरपत्रक यंत्र चांगले करते. पंखा बसविणे, वातानुकूलन यंत्र धुणे, ठरावीक भिंती रंगविणे ही अशी कामे होत. गळतीचे काम तसे नाही. छतावर उमटलेली ओल वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या सांध्यातून आली, बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून आली की भिंतीत दडलेल्या नळातून, हे छायाचित्रात दिसत नाही. गृहनिर्माण सोसायटीत तर कारणावरूनच खर्च सदस्याने करावयाचा की सोसायटीने, हे ठरते. अशा कामासाठी आज्ञावलीने दिलेला पक्का आकडा हा अंदाजही नसतो. जाणते व्यावसायिक येथे केवळ पाहणीचे शुल्क आपोआप कळवितात, पाहणीनंतर लेखी दरपत्रक देतात आणि लागलेले शुल्क पुढे कामाच्या रकमेतून वळते करतात. फोडकाम केल्यावर आत काय निघेल यासाठी ‘जादा कामाचा दर’ वेगळा लिहितात आणि दरपत्रक किती दिवस ग्राह्य राहील याची तारीख घालतात. दरसूचीतील मालाच्या किमती शेवटच्या केव्हा तपासल्या याचीही तारीख असावी, कारण तक्ता जुना झाला तरी तो तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देत राहतो.