फोनवर इंग्रजीत नम्रपणे कसं बोलायचं? व्यवसायासाठी उपयोगी वाक्यं

हिंगोली जिल्ह्यातलं आखाडा बाळापूर हळदीच्या पट्ट्यात येतं. याच जिल्ह्यातल्या 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या व्यापाऱ्याला किंवा शेतकरी कंपनीला चेन्नई, दुबईच्या खरेदीदाराचा फोन आला, तर बोलणं इंग्रजीत होऊ शकतं.

शब्द बरोबर, तरी उद्धट का वाटतं?

मराठीत आदर क्रियापदातच असतो: थांबा, बोला, सांगा. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या सगळ्यांसाठी एकच 'यू'. त्यामुळे 'थांबा'चं नुसतं 'वेट' केलं की तो हुकूम वाटतो. म्हणून इंग्रजीत विनंती प्रश्नाच्या रूपात करतात. सुरुवातीला 'मे' किंवा 'कुड' आणि शेवटी 'प्लीज'.

नेहमी लागणारी वाक्यं

- बोला, काय काम होतं? – हाऊ मे आय हेल्प यू?
- कोण बोलतंय? – मे आय नो हूज कॉलिंग, प्लीज?
- जरा थांबा – कुड यू होल्ड फॉर अ मोमेंट, प्लीज? परत आल्यावर: थँक यू फॉर होल्डिंग.
- साहेब नाहीत – आय अ‍ॅम अफ्रेड ही इजन्ट अ‍ॅव्हेलेबल राइट नाऊ. मे आय टेक अ मेसेज? (इथे 'अफ्रेड' म्हणजे भीती नाही, दिलगिरी.)
- ऐकू आलं नाही – सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?

'येस, येस' जपून

मराठीत 'हो, हो' म्हणजे बरेचदा फक्त 'ऐकतोय'. पण समोरचा भाव सांगत असताना 'येस, येस' म्हटलं, तर तुम्हाला तो भाव मान्य आहे असं त्याला वाटू शकतं. त्याऐवजी 'आय सी' म्हणा. विचार करायचा असेल तर: लेट मी चेक अँड कॉल यू बॅक.

आकडे पुन्हा सांगा

फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडे सुटे सांगा: लेट मी कन्फर्म, वन फाइव्ह, फिफ्टीन क्विंटल्स. परदेशी ग्राहकाला क्विंटल आणि लाख ओळखीचे नसतील, तर १५ क्विंटलऐवजी १,५०० किलो आणि एक लाखाऐवजी 'वन हंड्रेड थाउजंड' म्हणा.

फोन ठेवताना

'ओके, बाय' म्हणून तोडू नका. 'थँक यू फॉर कॉलिंग. हॅव अ गुड डे' म्हणा आणि ठरलेला भाव, वजन, तारीख लगेच मेसेजवर लिहून पाठवा.