कोंकणांतील खुराडें आणि सापांवरील बक्षीस

कोंकणांत घराच्या मागील दारीं कोंबड्यांचें खुराडें असणें ही जुनी रीत. अंड्यांचे चार पैसे बहुधा घरच्या बाईच्या गांठीस राहत; म्हणून सकाळीं खुराड्यांत अंडें नाहीं आणि पिलूंही नाहीं असें दिसलें कीं तिचा जीव कळवळे. त्याहून मोठें भय अंधारांत आंत घातलेल्या हाताचें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें सर्पभयावर बक्षिसाचा उपाय योजिला. रत्नागिरी जिल्ह्यांत मारलेल्या फुरशामागें पैसे मिळत. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानें नमूद केलें आहे कीं, सहा वर्षें दरसाल सरासरी 2,25,721 फुरशीं मारलीं गेलीं. श्रोत्यांनीं हा आंकडा पुन्हां मनांत घोळवावा. एवढा संहार होऊनही फुरसें नाहींसें झालें नाहीं. जांभ्याच्या सड्यावर दगडाखालीं तें आजही सांपडतें.

सरकारचा हेतु वाईट नव्हता. फुरशाच्या दंशानें गवत कापणारीं, लाकूडफाटा वेचणारीं माणसें खरोखरच दगावत. परंतु खुराड्याचा हिशेब निराळा. फुरसें दीड-दोन फुटांचें. विंचू, किडे, बेडूक, पाली, लहान उंदीर हें त्याचें भक्ष्य. कोंबडीचें अंडें त्याच्या घशांत उतरणार कसें? अंड्यापिलांवर डल्ला मारतात ते नाग आणि धामण, आणि तेही बहुधा सांडलेल्या दाण्यावर जमलेल्या उंदरांच्या मागानें आलेले. धामण बिनविषारी; तिला नाग समजून ठेंचणारा शेतकरी आपल्याच कणगीच्या उंदरांना अभय देतो.

दंशावर खरा उतारा मिळाला तो बक्षिसाहून अगदीं वेगळ्या वाटेनें. 1895 च्या सुमारास फ्रान्समध्यें काल्मेत यानें घोड्याच्या रक्तांतून प्रतिविष सिद्ध केलें. पुढें परळच्या हाफकिन संस्थेंत नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालणारें प्रतिविष तयार होऊं लागलें. दंश झालेल्यास मांत्रिकाकडे न नेतां तडक इस्पितळांत न्यावें, तें याचसाठीं.

खुराड्याची राखण मात्र घरच्याच हातीं राहिली. तळ जमिनीपासून उंच, पाव इंचाहून मोठें भोंक नसलेली तारेची जाळी, दाणा झांकणाच्या डब्यांत, अंडीं दिवेलागणीपूर्वीं घरांत, आणि दिव्यावांचून हात आंत नाहीं. दगडांचा ढीग व लाकडांची रास शेजारीं नसावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या दुरुस्त्यांनीं नाग-धामणींस संरक्षण मिळाल्यापासून, ज्या मुलखांत सापामागें पैसे मिळत तेथेंच त्यांना मारणें गुन्हा ठरलें. साप खुराड्यांत शिरलाच तर दुरून नजर ठेवून सर्पमित्रास बोलावतात.