खालचा दोरा आणि भरलेली बॉबिन

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवालयाच्या पायाचा दगड, घंटा, वेदी आणि होऊन गेलेले धर्मगुरु यांचा वृत्तांत असावा, हें योग्यच आहे. परंतु वेदीवरील आच्छादन कोणीं शिवलें, मिस्सेच्या झग्यावरील क्रूस कोणत्या दोऱ्यानें भरला, हें लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे नाहीं. वस्त्रावर जो दोरा दिसतो त्याची कोणी तरी वाखाणणी करतो. कापडाच्या उलट बाजूस जो दुसरा दोरा असतो त्याकडे मात्र कोणाचेंच लक्ष जात नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या खालच्या दोऱ्याचा, तो जिच्यावर गुंडाळलेला असतो त्या बॉबिनीचा, आणि ती बॉबिन भरणाऱ्या हातांचा इतिहास आम्ही सांगणार आहों. हल्लीं कारखान्यांतून भरूनच आलेल्या बॉबिनी बाजारांत मिळतात. आपल्या कांदिवलींत ज्या भगिनी घरीं यंत्रावर गोधड्या शिवतात किंवा भरतकाम करितात, त्यांना ह्या बॉबिनी घ्याव्या कीं न घ्याव्या असा प्रश्न पडतो. प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या पोटांत एक जुना आणि मोठा प्रश्न दडलेला आहे.

हातानें शिवलेल्या गोधडीस खालचा दोरा असा निराळा लागतच नाहीं. जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक पसरावीं आणि एकाच सुईनें धावदोरा घालीत जावें. तोच दोरा वर येतो, तोच खालीं जातो. उत्तर कानडा जिल्ह्यांत हल्याळ व येल्लापूर ह्या बाजूस सिद्दी लोक राहतात, आणि त्यांच्यांत पुष्कळ कॅथलिक कुटुंबें आहेत. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कडेपासून आरंभ करून टांके घालीत आंत आंत मध्याकडे जावें, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांच्या 'फुला' लावाव्या, अशी तिची रीत आहे. असल्या कामांत सुई थांबते ती शिवणारीच्या हातांतला दोरा संपला म्हणजेच.

यंत्राचा आरंभही एका दोऱ्यानेंच झाला. फ्रान्स देशांतील बार्थेलेमी तिमोनिये नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं आपल्या शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. त्याचें यंत्र एकाच दोऱ्याची सांखळी विणीत असे. पुढल्याच वर्षीं, आपली भाकरी जाईल ह्या भयानें, पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याच्या कारखान्यांत घुसून यंत्रें मोडून टाकिलीं. सांखळीच्या टांक्यास एक मोठें वैगुण्य आहे: एका टोंकानें दोरा ओढला कीं सारी शिवण उसवत जाते. तें वैगुण्य घालविण्यासाठीं दुसरा दोरा आला. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यानें १८३४ च्या सुमारास दोन दोऱ्यांचें यंत्र सिद्ध केलें, पण पेटंट घेतलें नाहीं. हातशिलाईवर पोट भरणाऱ्या स्त्रियांचें काय होईल अशी शंका घरांतूनच निघाली, म्हणून त्यानें तें सोडून दिलें असें सांगतात. एलायस हाऊ यानें ता. १० सप्टेंबर १८४६ रोजीं आपल्या यंत्राचें पेटंट मिळविलें. त्यांत वरचा दोरा सुईच्या टोंकाजवळील नेढ्यांतून येई, आणि खालचा दोरा एका लहानशा धोट्यांत बसून वरच्या दोऱ्याच्या फांसांतून पार होई. १८५१ सालीं ॲलन विल्सन यानें फिरत्या आंकड्याची युक्ति काढली. हा आंकडा वरच्या दोऱ्याचा फांस स्थिर अशा वाटोळ्या बॉबिनीभोवतीं फिरवून आणतो. आज घरोघरीं असलेल्या यंत्रांतील बॉबिन ही त्याच कल्पनेची संतति होय.

आम्हीं वर धोटा हा शब्द मुद्दाम योजिला आहे. तो विणकराचा शब्द आहे, आणि शिवणयंत्राचा धोटा हा मागावरच्या धोट्याचाच धाकटा भाऊ आहे. मागावरच्या धोट्यांत जी सुताची नळी बसवितात तिला कांडी म्हणतात. विणकर मागावर बसण्यापूर्वीं कांड्या भरून तयार असाव्या लागतात. आणि त्या भरण्याचें काम घरांतील बायकांकडे, म्हाताऱ्यांकडे व मुलांकडे असे. आपल्या ईस्ट इंडियन आज्या जें चौकड्यांचें लुगडें नेसत, त्याच्या बाण्याचा प्रत्येक धागा असाच कोणाच्या तरी हातानें आधीं कांडीवर चढलेला होता. तेव्हां आधींच भरून ठेविलेली बॉबिन ही आजची नवलाई आहे असें कोणीं समजूं नये. आणि लुगड्याला नांव विणकराचें लागे, कांडी भरणारीचें लागत नसे, हेंही ध्यानांत ठेवावें.

हाच प्रकार यंत्राच्या भरतकामांत मोठ्या प्रमाणावर घडला. स्वित्झर्लंडांत संत गालुस ह्या आयरिश संन्याशाच्या नांवानें वसलेलें सांक्ट गालेन नांवाचें शहर आहे. तें भरतकामासाठीं जगांत प्रसिद्ध होतें. त्याच मुलखांतील इसाक ग्रोब्ली यानें १८६३ सालीं एक यंत्र शोधून काढलें, ज्यांत शिवणयंत्राप्रमाणें वरून सुईचा अखंड दोरा आणि मागून धोट्याचा दोरा अशी जोडणी होती. धोट्याचा आकार लहान होडीसारखा, म्हणून तिकडील बोलींत त्या यंत्राचें नांवच 'होडुलें' अशा अर्थाचें पडलें. एका यंत्रांत शेंकडों सुया, आणि जितक्या सुया तितके धोटे. ते भरून देण्यासाठीं निराळीं माणसें ठेवावीं लागत. १८७७ सालच्या स्विस कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत काम करण्याची मनाई केली. परंतु घरीं बसून केलेल्या कामास तो कायदा लागू नव्हता, आणि भरतकामाच्या यंत्रांसाठीं सुया ओंवण्यांत घरोघरच्या मुलांचे दिवस जात राहिले. कायदा कारखान्याच्या दारापर्यंत आला. घराच्या उंबरठ्यावर थबकला.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. गिरण्यांत साचे चालविणारे बहुतेक पुरुष असत; स्त्रिया असत त्या मुख्यत्वें वाइंडिंग आणि रीलिंग ह्या खात्यांत. वाइंडिंग म्हणजे सूत बॉबिनीवर भरणें, आणि रीलिंग म्हणजे बॉबिनीवरील सुताच्या लडी करणें. १९२० नंतरच्या दशकांत गिरणीकामगारांपैकीं सुमारें एक पंचमांश स्त्रिया होत्या. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचे कामाचे तास अकरांवर आणिले. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे हिताचे होते. परंतु पुढें सूत भरण्याचीं जलद यंत्रें आलीं, थोड्या माणसांत काम भागूं लागलें, आणि ज्या स्त्रियांस भत्ता द्यावा लागतो त्यांस ठेवण्यापेक्षां न ठेवणेंच बरें असें कित्येक मालकांस वाटूं लागलें. वर्षानुवर्षें त्यांची संख्या घटत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजीं मोठा संप सुरू झाला तेव्हां गिरणींत स्त्रिया अगदींच थोड्या उरल्या होत्या; त्या संपानंतर तर गिरण्याच मावळल्या. बॉबिन भरणारे हात सर्वांच्या आधीं गेले, आणि त्यांच्या जाण्याचा गाजावाजा झाला नाहीं.

ह्याच काळांत शिवणयंत्र हिंदुस्थानांतील घरांत शिरलें. सिंगर कंपनीचा येथील व्यापार मुंबईच्या पटेल नांवाच्या पारशी गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चोहोंकडे वाढविला. १९३५ च्या सुमारास कलकत्त्यास उषा यंत्राचा जन्म झाला. यंत्रांविषयीं साशंक असलेल्या गांधीजींनींही १९२४ सालीं 'यंग इंडिया' पत्रांत सिंगरच्या यंत्रास अपवाद केला. कारण पत्नीचे कष्ट हलके करण्याच्या प्रेमांतून तें निघालें अशी त्यांची समजूत होती. त्यावर, हीं यंत्रें बनविण्यास तरी कारखाना लागेलच ना, असें त्यांस विचारण्यांत आलें. त्यांनीं तें मान्य केलें, आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावे व तेथील कामगारांची स्थिति चांगली असावी, असें उत्तर दिलें. घरांतील एका स्त्रीचे कष्ट वांचले म्हणजे हिशेब संपला असें त्यांनीं मानिलें नाहीं.

आतां भरलेल्या बॉबिनीचे गुणदोष पाहूं. ती यंत्रानें एकसारख्या ताणावर भरलेली असते, म्हणून तिच्यावर दोरा अधिक मावतो. भरतकामाच्या यंत्रांस लागणाऱ्या 'एल' आकाराच्या बॉबिनीवर बारीक दोरा सुमारें शंभर ते सव्वाशें मीटर असतो. घाईघाईनें घरीं भरतांना पॉलिएस्टरचा दोरा ताणला जातो, आणि शिवल्यावर तो आंखडून कापडास चुण्या पडतात. हा दोष येथें टळतो. भरतकामांत खालचा दोरा वरच्याहून बारीक असावा लागतो. जाड भरणीच्या उलट बाजूस मधोमध सुमारें एक तृतीयांश रुंदींत खालचा दोरा दिसला म्हणजे ताण बरोबर आहे असें समजावें. गोधडीची गोष्ट वेगळी. ती दोन्ही बाजूंनीं दिसते आणि वारंवार धुतली जाते. म्हणून तिच्यासाठीं खालचा दोरा वरच्याइतकाच मजबूत व जुळत्या रंगाचा पाहावा, आणि तसा तयार मिळत नसेल तर घरींच सावकाश भरावा. यंत्रास कोणत्या आकाराची बॉबिन लागते हें पाहिल्यावांचून विकत घेऊं नये. अंगास न बसणारी बॉबिन यंत्र बिघडविते. दोरा संपत आल्याची सूचना देणारीं कांहीं यंत्रें पुठ्ठ्याच्या कडांच्या बॉबिनीपुढें आंधळीं होतात, हेंही जाणून असावें.

म्हणजे लांब कामास भरलेली बॉबिन सोयीची आहे, आणि ती वापरण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. गोधडीच्या ओळीच्या मध्यावर दोरा संपला तर तेथें गांठ राहते. ती टळली तर काम सुबकच होतें. परंतु जी स्त्री नगावर मजुरी घेऊन काम करते तिच्यासाठीं आणखी एक हिशेब आहे. बॉबिन भरणें, सुई ओंवणें, दोरे कापणें ह्या वेळाची मजुरी नगाच्या दरांत बहुधा धरलेलीच नसते, आणि पुष्कळ ठिकाणीं दोऱ्याचा खर्चही तिच्याच पदरांत टाकितात. अशा स्थितींत तिनें भरलेली बॉबिन स्वतःच्या पैशानें घेतली तर वेग वाढतो काम देणाराचा, आणि पैसा जातो तिचा. ज्या १८९१ सालीं हिंदुस्थानांत वर सांगितलेला कायदा झाला, त्याच सालीं पोप तेरावे लिओ यांनीं 'रेरुम नोवारुम' हें परिपत्रक काढून कामकऱ्याच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न साऱ्या ख्रिस्तसभेपुढें ठेविला. तो प्रश्न गिरणीच्या दारापुढें जितका खरा होता, तितकाच घरांतील यंत्रापुढें खरा आहे.

म्हणून आमच्या धर्मग्रामांत जे कोणी शिलाईचें किंवा भरतकामाचें काम बाहेर देतात, त्यांस आमची एकच विनंति आहे. नगाचा दर ठरवितांना बॉबिनीचा पैसा त्यांत धरावा: भरलेली घेतली तर तिची किंमत, आणि घरीं भरली तर भरण्याचा वेळ. देवालयासाठीं जें वस्त्र शिवून घेण्यांत येतें त्यासही हाच नियम लागू आहे, आणि तो प्रथम आम्हीं पाळावा हें उघडच आहे. वस्त्र उलटून पाहिल्यावांचून शिवणीची पारख होत नाहीं, असें जुने शिंपी म्हणत. दराचीही पारख तशीच उलटून करावी.