सोमलावरचा लोखंडी उतारा

प्रयोगशाळेतील बर्नरमुळे बुन्सेन हे नाव विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. तो बर्नर तयार होण्याच्या वीसएक वर्षे आधी, १८३४ साली, जर्मनीतील ग्योटिंगेन येथे बुन्सेन आणि बेर्टहोल्ड यांनी सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या विषावर उतारा शोधला होता. तो होता फेरिक हायड्रॉक्साइडचा ताजा, ओला साका. आर्सेनिक त्याच्या कणांना चिकटून बसते व सहजासहजी रक्तात जाऊ शकत नाही. साका शिळा झाला की त्याचे पृष्ठफळ घटते आणि गुणही उतरतो.

हाच उतारा पुढे पाण्याच्या कामी आला. तांब्याच्या अनेक खनिजांत आर्सेनिक असते. धातू गाळताना ते सांडपाण्यात उतरते. त्यात नुसता चुना टाकला तर कॅल्शियम आर्सेनेटचा साका बसतो खरा. पण हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तो हळूहळू विघटित होतो आणि आर्सेनिक पुन्हा मोकळे होते. म्हणून लोहाचे क्षार वापरणे अधिक भरवशाचे ठरले.

१९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरील डागांमागे आर्सेनिक असल्याचे ओळखले. ते येत होते नलिकाकूपांच्या पिण्याच्या पाण्यातून.

या पाण्यात बहुधा फेरस लोहही विरघळलेले असते. पाणी उपसून ठेवले की हवेमुळे त्याचे फेरिक होते आणि भांड्याच्या तळाशी तांबूस साका जमतो. बुन्सेनचा उतारा जणू आपोआप तयार होतो! मात्र भूजलातील आर्सेनिक बरेचसे आर्सेनाइट रूपात असते. त्यावर विद्युतभार नसल्याने ते साक्याला कमी चिकटते. लोहाचे ऑक्सिडीकरण होताना त्यातील काहींचे आर्सेनेट बनते. मँगनीज डायऑक्साइडही हे काम करते. उलट, फॉस्फेट साक्यावरील त्याच जागा अडवते. विरघळलेले कॅल्शियम हा अडथळा काही प्रमाणात कमी करते.

म्हणूनच एका गावी उत्तम चालणारा गाळप दुसऱ्या गावी अपुरा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली सुचवलेली मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. एवढ्या आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. तेव्हा पाणी नितळ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. गाळण्यापूर्वी आणि गाळल्यानंतर, दोन्ही वेळा ते तपासलेच पाहिजे.